वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलाचा खेळाचा तास बंद करणे योग्य आहे का?

आपला मुलगा तिसरीत असून वर्गात सतत चुळबुळ करतो, म्हणून बाई त्याला खेळाच्या तासाला वर्गातच बसवून ठेवतात, असे आपण लिहिले आहे. मी अनेक वर्षे प्राथमिक शाळेत शिकवतो आणि माझे मत स्पष्ट आहे: ही शिक्षा थांबली पाहिजे, कारण ज्या वागण्यासाठी ती दिली जाते तेच वागणे तिने वाढते.

परिपाठापासून मधल्या सुट्टीपर्यंत बाकावर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे पाय हलू लागतात, पट्टी बाकावर आपटते, शेजाऱ्याच्या वहीवर रेघ ओढली जाते. शिक्षकांना ती खोडी वाटते, पण पुष्कळदा ते मूल केवळ बसून बसून कंटाळलेले असते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ-नऊ वर्षांच्या सुमारे ११,००० मुलांच्या पाहणीत, रोज १५ मिनिटांहून अधिक सुट्टी मिळणाऱ्या मुलांचे वर्गातील वर्तन शिक्षकांनी अधिक चांगले नोंदवले होते. केवळ पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये, शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेऊ नये, अशी स्पष्ट भूमिका घेतली.

अर्थात, खेळाचा तास कसा घेतला जातो यावर बरेच अवलंबून असते. कवायतीच्या रांगेत आपल्या पाळीची वाट पाहत उभे राहिलेले मूल हालचाल करतच नाही. त्यापेक्षा लंगडी किंवा साखळी बरी, कारण त्यांत सगळेच धावतात. शेवटची चार-पाच मिनिटे मुलांना सावकाश चालवून, पाणी पाजून मगच वर्गात आणावे लागते, नाहीतर ती धापा टाकत येतात, पुढच्या तासाची सुरुवात वाया जाते आणि दोष खेळाला लागतो.

बाईंना तक्रारीच्या सुरात न बोलता भेटा. चुळबुळ नेमकी कोणत्या तासाला वाढते ते विचारा, आणि त्या वेळी त्याला वह्या वाटण्याचे किंवा फळा पुसण्याचे काम देता येईल का, ते पाहा. संध्याकाळी शिकवणीआधी त्याला मनसोक्त खेळू द्या. या वयात दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढे करूनही घरी, जेवताना, गोष्ट ऐकतानाही तो स्थिर बसत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.