सामूहिक किरकोळ रजा हाही संपच

वडोदऱ्यातील मकरपुऱ्यात विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आपण मुदतीच्या करारावर फिटर आहात. युनियन नोंदवण्याची हालचाल सुरू होताच ‘युनियन झाली तर कारखान्याला टाळे लागेल, काम दुसऱ्या राज्यात जाईल, बोइंगनेही हेच केले’ असे व्यवस्थापकांनी सुनावले. त्याला उत्तर म्हणून येत्या सोमवारी निम्म्याहून अधिक कामगारांनी एकदम किरकोळ रजा टाकावी, असा बेत आपण कळवला आहे. ती रजा टाकू नये, हे आधी सांगतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हा संपच ठरतो. किमान चौदा दिवसांची नोटीस न देता केलेला संप बेकायदा असून, त्यासाठी एक ते दहा हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय व्यवस्थापनाला गैरवर्तनाचे आयते कारण मिळते. नोटीस दिली तरी समेट अधिकाऱ्याला, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, बैठक बोलवावी लागते, आणि त्या पहिल्या बैठकीपासून समेटाची कार्यवाही संपून सात दिवस होईपर्यंत संप करता येत नाही. म्हणून नोटिशीकडे संपाचा परवाना म्हणून न पाहता मालकाला चर्चेला बसवण्याचे साधन म्हणून पाहावे.

युनियन केल्यास टाळेबंदी वा कारखाना बंद करण्याची धमकी देणे ही संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे अनुचित कामगार प्रथा आहे. मात्र ती तोंडी असल्याने कोण, कधी, कोणासमोर काय बोलले, ते ऐकणाऱ्यांनी आजच लिहून सही करून ठेवावे.

बोइंग या अमेरिकी विमान कंपनीची गोष्ट आपल्याला अर्धीच सांगितली गेली. २००८ च्या संपानंतर कंपनीने २००९ मध्ये ड्रीमलायनर या प्रवासी विमानाची दुसरी जुळणी शाखा साउथ कॅरोलायना या दुसऱ्या राज्यात नेण्याचे ठरवले, हे खरे. पण २०११ मध्ये अमेरिकेच्या कामगार मंडळाने त्यावरून तक्रार दाखल केली आणि युनियनशी नवा करार झाल्यावर ती मागे घेतली गेली, त्यामुळे मूळ प्रश्नाचा निवाडा झालाच नाही. पुढे २०२४ मध्ये सुमारे ३३ हजार कामगारांनी सात आठवड्यांहून अधिक संप करून चार वर्षांत ३८ टक्के वेतनवाढ मिळवली. अर्थात हे दाखले येथील न्यायाधिकरणात चालणार नाहीत. नवे काम कोठे सुरू करावे, हे आपल्याकडेही मालकच ठरवतो. चालू कारखाना बंद करायचा असल्यास मात्र तीनशे किंवा अधिक कामगार असतील तर सरकारची पूर्वपरवानगी लागते.

माझ्या मते आपल्याला खरा धोका स्थलांतरापेक्षा कराराच्या मुदतीचा आहे. वडोदऱ्यात सी-२९५ जातीची ४० लष्करी वाहतूक विमाने तयार व्हायची आहेत; अशी मागणी संख्येने बांधलेली असते आणि तिच्यावर अवलंबून असलेले करारही तसेच. मुदत संपून नोकरी गेली तर ती कायद्याने कामगारकपात ठरत नाही, म्हणून कपातीची भरपाईही नाही. वर्षभर नोकरी झाली असल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र आहे. केवळ युनियनच्या पुढाऱ्यांचेच करार वाढवले नाहीत, तर सूडबुद्धीचा आरोप करता येईल. तो सिद्ध करणे सोपे नाही.

तेव्हा प्रथम युनियनची नोंदणी करावी. त्यासाठी एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे, पण किमान सात सभासद लागतात. मागणीपत्रात करार वाढवण्याचे निकष लेखी ठरवण्याची मागणी सर्वांत वर घालावी आणि आपल्या करारपत्राची प्रत मला पाठवावी. मुदत दोन-तीन महिन्यांत संपत असेल, तर मागणीपत्र त्याआधीच पोचले पाहिजे.