मिशिगनमधून वापरलेली बोट ऑन्टॅरिओत आणताना काय बघावं?

तुम्ही मिसिसागाला राहता, मिशिगनमधल्या एका गृहस्थांची 20 फुटी वापरलेली बोट ट्रेलरसकट इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय, आणि घ्यावी की नाही हे विचारताय.

जरूर घ्या, पण बोट बघायला गाडी काढण्याआधी कागद मागवा. मी विंडसरला राहते, नदीपलीकडे डेट्रॉइट. इथे पलीकडून बोट आणणारे पुष्कळ. माझ्या ओळखीत ज्यांचे पैसे अडकले त्यांच्या बोटींत काही खोट नव्हती, अडले ते कागदामुळे.

मिशिगनमध्ये 20 फूट किंवा त्याहून लांब बोटीला टायटल लागतं, म्हणजे मोटारीसारखं मालकीचं प्रमाणपत्र. विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का, आणि कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव अजून तिथे आहे का, या दोन गोष्टी आधी बघा. बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. ‘टायटल घरात कुठेतरी आहे, नंतर पाठवतो’ असं म्हणाले तर सरळ सांगा, दुसरी प्रत काढा, मग बोलू. अमेरिकी कायद्यात दुरुस्तीवाल्याचं किंवा बोटयार्डाचं थकलेलं बिल थेट बोटीवर चढू शकतं, आणि मालक बदलला तरी ते बोटीबरोबरच जातं. असा बोजा टायटलवर दिसेलच असं नाही. म्हणून बोट हिवाळ्यात कुठे ठेवायचे ते विचारा आणि त्या यार्डाला स्वतः फोन करून बाकी काही आहे का ते विचारा. हा फोन कोणी करत नाही, तुम्ही करा.

मग एचआयएन, म्हणजे बोटीचा 12 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. मागच्या फळीवर, ट्रान्समवर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ तो कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. 1984 नंतरच्या बोटींत शेवटच्या चारांतलं अक्षर महिना सांगतं (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), पुढचा अंक बनवल्याच्या वर्षाचा, आणि शेवटचे दोन मॉडेलचं वर्ष. जवळून फोटो मागवा आणि टायटलवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून बघा. आजूबाजूचा रंग वेगळा दिसला, अक्षरं घासलेली वाटली, तर तो व्यवहार सोडून द्या.

आता पैसे. समजा 20,000 अमेरिकी डॉलर ठरले आणि दर 1.40 धरला, तर 28,000 कॅनेडियन झाले. बोट अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोत बनलेली असेल तर व्यापार कराराखाली एरवी सीमाशुल्क लागत नाही. 13 टक्के कर धरला की 31,640. पण तीच बोट दुसऱ्या देशात बनलेली असेल तर आधी 9.5 टक्के शुल्क, आणि कर त्या वाढलेल्या रकमेवर. एकूण 34,600 च्या वर जाते. म्हणजे ‘बरीच स्वस्त’ म्हणताना तुम्ही यातला कोणता आकडा धरलाय ते बघा. बनवणाऱ्याच्या पट्टीवर ‘मेड इन’ काय लिहिलंय त्याचाही फोटो घ्या. सध्या अमेरिका आणि कॅनडात आयातशुल्कावरून ओढाताण चालू आहे, तेव्हा निघायच्या आठवड्यात सीबीएसएला, म्हणजे कॅनडाच्या सीमा आणि कस्टम्स खात्याला, फोन करून त्या वेळचा दर विचारूनच घ्या. खरेदीखतावर खरी किंमत लिहा. कमी लिहून द्यायला विकणारा तयार झाला तरी नको. सीमेवर खोटी किंमत सांगितली तर बोट जप्त होऊ शकते.

ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याचा नंबर वेगळा, कागद वेगळा. मिशिगनमध्ये 2,500 पौंडांखालच्या ट्रेलरला टायटल नसतं, नुसती नोंदणी असते, त्यामुळे टायटल नाही म्हणून घाबरू नका. मात्र त्याच्यावर उत्पादकाची पट्टी शाबूत हवी, आणि तो कॅनडात चालेल का हे आरआयव्हीकडे, म्हणजे कॅनडात आयात वाहनांची नोंद बघणाऱ्या कार्यालयाकडे, आधी विचारा. टायरवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. टायर जुने असतील तर तिथेच बदलून घ्या, 401 हायवेवर टायर फुटलेला बोटीचा ट्रेलर फार वाईट.

बोटीचं म्हणाल, तर उत्तरेकडच्या बोटीला खरी भीती गंजापेक्षा थंडीची. हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी नीट काढलं नाही तर बर्फ होऊन ब्लॉकलाच तडा जातो. ऑइलची दांडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. ब्लॉकच्या बाजूला गंजाची उभी रेघ दिसते का तेही टॉर्च मारून बघा. ट्रान्समवर प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जा. माठ घेताना टिचकी मारून ऐकतो तसं कान देऊन ऐका, बद्द आवाज आला की आतलं लाकूड कुजलंय. दारात पाइप लावून इंजिन चालू करून दाखवतील, त्यावर भागवू नका. तळ्यात उतरवून पूर्ण वेगात चालवून बघा. जमलं तर स्वतंत्र सर्वेक्षक नेमा, त्याचे पैसे वाया जात नाहीत.

निघताना तळाचं बूच काढा, सगळं पाणी जाऊ द्या, ट्रेलरवरचं शेवाळ-गवत पुसून काढा. ऑन्टॅरिओत 1 जानेवारी 2022 पासून हे कायद्यानेच सक्तीचं आहे. 1988 मध्ये इथल्याच सेंट क्लेअर तळ्यात झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले आणि मग साऱ्या महातळ्यांत पसरले. मला या तळ्यांची फार काळजी वाटते, म्हणून कृपा करून ही पाच मिनिटं टाळू नका.

घरी आल्यावर मिशिगनचा ‘एमसी’ने सुरू होणारा नंबर काढून टाका. इंजिन 10 अश्वशक्ती किंवा जास्त असेल तर ट्रान्सपोर्ट कॅनडाचं बोटीचं लायसन्स घ्या, आणि चालवणाऱ्याचं ऑपरेटर कार्ड वेगळं. विमा मात्र पैसे द्यायच्या दिवशीच सुरू झालेला हवा.

टायटल आणि ट्रान्सम या दोघांचे फोटो या शनिवारच्या आत मागवा. ते पाठवायला टाळाटाळ झाली तर बोट बघायला जाऊच नका.