शापित कुऱ्हाड आणि एकटा जिंकणारा खेळाडू

प्रश्न : मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कल्पनारम्य भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा खेळ सूत्रधार म्हणून चालवते. एका खेळाडूच्या योद्ध्याला उन्माद चढवणारी शापित कुऱ्हाड मिळाली असून आता प्रत्येक लढाई तो एकटाच जिंकतो आणि बाकीचे नुसते पाहत बसतात. ती काढून घ्यावी का?

उत्तर : कृपया घेऊ नका. हाती आलेली वस्तू सूत्रधाराने परस्पर नाहीशी केली, तर खेळाडूचा तुमच्यावरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणे फार कठीण असते. तुमच्या पत्रावरून वाटते की कुऱ्हाडीचे बळ खेळात उतरले आहे, शाप मात्र उतरलेला नाही. २०१४च्या नियमांनुसार शत्रूकडून इजा झाली की दर वेळी त्या योद्ध्याला शहाणपणाच्या बचावफेकीत (संकट टाळण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपल्या शहाणपणाचे गुण मिळवणे) किमान १५ गाठावे लागतात; ते न जमल्यास त्याला सर्वांत जवळच्या जिवावर वार करावा लागतो, मग तो आपला वैद्य का असेना. हा फासा विसरू नका. तो पडण्याच्या क्षणी सगळे टेबल श्वास रोखून बसते, आणि पाहत बसलेले सोबतीही आपोआप खेळात ओढले जातात.

मात्र सोबत्यावर वार करण्याचा प्रसंग सर्वांना रुचेल का, हे आधी मोकळेपणाने विचारा. सुटकेची वाटही उघडी असू द्या : तिसऱ्या पातळीचा शापमोचन मंत्र मालकाचे वस्तूशी जडलेले नाते तोडतो, म्हणजे ती टाकून देता येते; शाप मात्र कुऱ्हाडीतच राहतो. तो मंत्र जाणणाऱ्याचा शोध हेच पुढचे कथानक होऊ द्या.