ब्राउझर अडकतो म्हणून 54 हजारांचा लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: इचलकरंजीतल्या एक ताई घरून यंत्रमागवाल्यांचे आणि सूत व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात, जीएसटी रिटर्न भरतात. महिन्याला साधारण 24 हजार सुटतात. लॅपटॉप 2018 चा: आय5-8250यू प्रोसेसर, 4 जीबी रॅम (चालू कामं ठेवायची मेमरी), 1 टीबीची हार्ड डिस्क. वर्षभरापासून ब्राउझर सारखा ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होतो, कधी आपोआप बंद पडतो. मागच्या महिन्यात 20 तारखेच्या संध्याकाळी असंच झालं आणि दोन गिऱ्हाइकांचं 3बी (20 तारखेपर्यंत भरायचं जीएसटीचं मासिक रिटर्न) 21 ला गेलं. लेट फी ताईंनी पदरची भरली. आता दुकानदार 54,000 चा नवा लॅपटॉप 12 महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर देतोय. नाहीतर 60,000 ची एफडी मोडायची. जुन्यात 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवायला दुरुस्तीवाला मजुरीसकट 8,500 मागतोय, बॅटरीचे 2,600 वेगळे. भाऊ म्हणतो, जुन्या मशीनवर घातलेला पैसा बुडीतच.

ताई, एफडीला हात लावू नका आणि ईएमआयच्या कागदावर इतक्यात सही करू नका. माझा कौल दुरुस्तीकडे आहे. पण भावाची शंका रास्त आहे, म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा, त्याला पैसे पडत नाहीत. ब्राउझर अडकला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर आणि डिस्क 100 टक्के दिसत असेल, प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर मशीन म्हातारं झालेलं नाही, त्याला जागा पुरत नाहीये. आजचे ब्राउझर प्रत्येक टॅबसाठी वेगळी प्रोसेस चालवतात. 2018 पासून तर क्रोम सुरक्षेसाठी एकेक वेबसाइटही स्वतंत्र कप्प्यात ठेवतो. याने एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचतात, पण मेमरी जास्त लागते. तुमच्या 4 जीबीतला बराच भाग विंडोज आणि अँटीव्हायरसच घेतात. उरलेल्यात जीएसटी पोर्टल, मेल, बँक, व्हॉट्सअॅप वेब आणि शेजारी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. ओटा हातभर आणि स्वयंपाक वीस माणसांचा, अशी गत. मावत नाही ते विंडोज हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणांहून माहिती उचलते, साधी एसएसडी हजारो ठिकाणांहून. स्क्रीन पांढरी पडून गोल चक्र फिरत बसतं, ते या ने-आणीपायी.

तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे हे तुमचं नशीब. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. तुम्ही बँका आणि लोकांचे करभरणे हाताळता, त्यामुळे सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर काम करणं तुम्हाला परवडणारं नाही. आय5 नंतरचा नंबर 8 ऐवजी 7 ने सुरू झाला असता, तर मी दुरुस्तीचा सल्ला दिला नसता. तुम्हाला विंडोज 11 फुकट घेता येईल. त्याला लागणारी टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असली तर दुरुस्तीवाल्याकडून चालू करून घ्या.

आता आकडे. ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी असं बऱ्याच जणांना वाटतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं असं की व्याजाइतकी सूट दुकान किंवा कंपनी देते आणि बँक आपलं व्याज लावतेच. ईएमआय क्रेडिट कार्डावरचा असेल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो तुमच्या माथी. बँकेचा दर वर्षाला 16 टक्के धरला, तर 4,500 च्या बारा हप्त्यांत सुमारे 4,400 रुपये व्याज असतं आणि त्यावर 790 च्या आसपास जीएसटी. वर प्रक्रिया शुल्क. ही रक्कम काही डोंगराएवढी नाही. मला काळजी आहे ती महिन्याला 4,500 जाण्याची. चोवीस हजारांतले ते जवळपास एकोणीस टक्के होतात, आणि तुमचे व्यापारी फी कधी वेळेवर देतात? मंदीत माग बंद राहिले की तुमचीच बिलं आधी थकतात. हप्ता चुकला की दंड आणि क्रेडिट स्कोअरला डाग.

एफडी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात. तेही सोसता येईल. पण घरखर्च 23 हजार असल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ही एफडी घराचा अडीच महिन्यांचा आधार आहे, आणि दुसरा आधार तुमच्या पत्रात दिसत नाही. दवाखान्याचा एक खर्च निघाला तर लॅपटॉप विकून तो भागणार नाही.

‘लॅपटॉप खर्चात दाखवला की टॅक्स वाचतो’ असंही कोणी तुम्हाला सांगितलंय. संगणकावर 40 टक्के घसारा मिळतो हे खरं. पण वर्षाला तीन लाखांच्या आतबाहेर उत्पन्न असताना तुम्हाला करच बसत नाही, मग वाचणार काय? सेवा देणाऱ्यांची जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची, तिथवर तुम्ही पोचलेल्या नाहीत, तेव्हा लॅपटॉपवरच्या 18 टक्क्यांचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही. दुसऱ्यांची रिटर्न भरताना हे नियम तुम्ही रोज लावता, ते स्वतःलाही लावून बघा.

दुरुस्तीचा खर्च बॅटरीसकट 11,100. नव्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा. हे मशीन आणखी दोन वर्षं चाललं तर महिन्याला 460 रुपये पडले. नवा लॅपटॉप पाच वर्षं चालला असं धरलं तरी महिन्याला 900. माझा ठोकताळा असा की नव्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त खर्च येत असेल, किंवा मदरबोर्डच बिघडला असेल, तर जुन्याचा नाद सोडावा. तुमचं मशीन त्या रेषेच्या बरंच अलीकडे आहे. बॅटरी मात्र यातून वगळू नका. ती वीस मिनिटंही टिकत नाही म्हणता, तर वीज गेल्यावर भरत आलेलं रिटर्न आणि उघडी टॅलीची फाइल दोन्ही धोक्यात. पैसे देण्याआधी एक खात्री करा: रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे का? काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते. मागचं झाकण उघडून समोर दाखवायला सांगा, आणि रॅम व एसएसडीचं वॉरंटीचं बिल मागून घ्या.

रॅम येईपर्यंतचे दिवसही काढायचे आहेत. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली मेमरी सेव्हर चालू करा, एज ब्राउझरमध्ये तीच सोय स्लीपिंग टॅब्स नावाने आहे. पण जीएसटी पोर्टल आणि बँकेची साइट ‘कायम चालू ठेवा’ या यादीत टाका. नाहीतर झोपवलेला टॅब परत उघडताना पान नव्याने लोड होतं आणि सेव्ह न केलेले आकडे पुसले जाऊ शकतात. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कोणता टॅब, कोणतं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) किती मेमरी खातंय ते दिसतं. कूपन शोधणारी, पीडीएफ बदलणारी एक्स्टेंशन्स बिनधास्त काढून टाका. दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर तुमच्या कामाला पुरेसा आहे. स्क्रीन लुकलुकत असेल किंवा काळी पडत असेल तर ब्राउझरचं हार्डवेअर अॅक्सिलरेशन (चित्र दाखवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सेटिंग) बंद करून बघा, जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी त्याचं बऱ्याचदा पटत नाही.

पुढचा लॅपटॉप कधीतरी घ्यावाच लागणार, त्याच्या तयारीला आत्ताच लागा. हप्त्याला 4,500 द्यायची तयारी होती ना, त्यातले 3,000 बँकेच्या आरडीत घाला. उरलेल्या 1,500 मधून आठ महिन्यांत दुरुस्तीचा खर्च भरून निघतो. अठरा महिन्यांत 54,000 जमतील आणि साडेसहा टक्के दर धरला तर वर पावणेतीन हजारांच्या आसपास व्याज. तेव्हा रोख पैसे हातात असतील आणि दुकानदाराशी घासाघीसही करता येईल.

काम कधी करायचं तेही ठरवून ठेवा. 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 20 ला 3बी, तिमाहीवाल्यांचं 22 ला. म्हणून 25 नंतर मशीन दुरुस्तीला द्या. त्याआधी टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घ्या आणि टॅलीचं लायसन्स ‘सरेंडर’ करा, ते मशीनशी बांधलेलं असतं आणि डिस्क बदलल्यावर नव्याने चालू करावं लागतं. निघालेली 1 टीबीची डिस्क दुकानात सोडून येऊ नका, तिच्यात तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पॅन आणि बँकेचे तपशील आहेत. तिला यूएसबी केसमध्ये बसवून दर शनिवारी बॅकअप घेत जा. नव्या एसएसडीवर विंडोज 11 घातल्यावर डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर आणि एमसाइनर (ती सही पोर्टलवर करणारं सॉफ्टवेअर) त्याच दिवशी तपासा, 20 तारखेची वाट बघू नका.