गोळीमुळे साखर वाढली, तर गोळी थांबवावी का?

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. आठ महिन्यांपूर्वी ओलान्झापिन सुरू झाल्यावर त्याच्या कानातले आवाज थांबले आणि तो पुन्हा आमच्याबरोबर जेवायला बसू लागला. मात्र वजन ११ किलोंनी वाढले असून उपाशीपोटी साखर ११८ आली आहे. रात्री दोन वाजता उठून तो डब्यातल्या उरलेल्या पोळ्या कोरड्याच खातो. नातेवाईक गोळ्या बंद करायला सांगतात. काय करावे?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. औषध एकाएकी थांबले की आजार उलटण्याची भीती फार असते, आणि मोठ्या कष्टाने परत मिळालेला मुलगा पुन्हा हातचा जाऊ शकतो.

रात्रीच्या पोळ्यांना कोणीही हावरटपणा म्हणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे औषध मेंदूत भूक आवरणारे हिस्टामिन आणि सेरोटोनिन यांचे संदेश अडवते, त्यामुळे जेवूनही त्याचे समाधान होत नाही. वजन वाढले की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. शिवाय काही रुग्णांत वजन फारसे न वाढताही साखर चढते, म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. याच आजारावरच्या औषधांपैकी क्लोझापिन आणि ओलान्झापिनमध्ये हा धोका सर्वाधिक, तर अ‍ॅरिपिप्राझोलमध्ये बराच कमी असतो.

उपाशीपोटी १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर, म्हणजे अजून वेळ हातात आहे. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि कमरेचा घेर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या आत असावा. औषध सुरू करण्यापूर्वी, १२ आठवड्यांनी आणि पुढे दरवर्षी साखर पाहावी, असे अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्येच सांगितले आहे. जुन्या कागदांत सुरुवातीची साखर सापडली तर तुलनेला फार उपयोगी पडेल. दुर्दैवाने ती पुष्कळदा तपासलेलीच नसते.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध जोडावे की सध्याचे औषध हळूहळू बदलावे, हे मनोविकारतज्ज्ञांना विचारा. बदलात आवाज परतण्याचा धोका असल्याने, आजार उत्तम आवरलेला असताना मी सहसा आधी मेटफॉर्मिनचा विचार करतो. रात्री डब्यात पोळ्यांऐवजी काकडी, उकडलेले हरभरे ठेवा आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर तुम्हीही चालायला जा. अतिशय तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा गुंगी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.