आलेख उजवीकडे सरकवला की य-आंतरछेद किती बदलतो?

तुमचं फलन फ(क्ष) = क्ष² − ४क्ष + १, त्याचा य-आंतरछेद (आलेख य-अक्षाला जिथे छेदतो तिथली उंची) १. आलेख ३ एकक उजवीकडे आणि ५ एकक वर सरकवला, तर नवा आंतरछेद १ + ५ = ६ का येत नाही, असं तुम्ही विचारलंय.

वर सरकवण्याचा हिशेब बरोबर आहे. सगळे बिंदू ५ ने वर जातात, अक्षावरचाही जातो. चूक उजवीकडे सरकवताना होते. (०, १) हा बिंदू आता अक्षावर राहिलेलाच नाही, तो (३, १) वर गेला. त्याच्या जागी कोण आलं? जो बिंदू अक्षाच्या डावीकडे ३ एककांवर होता, तो. म्हणून फ(−३) काढायचं: ९ + १२ + १ = २२. त्यात ५ मिळवा, उत्तर २७.

थोडक्यात, ह एकक उजवीकडे आणि क एकक वर सरकवलं, तर नवा आंतरछेद फ(−ह) + क. त्यातलं उणे चिन्ह पाठ करू नका. मी शिकवताना अक्ष खालच्या कागदावर आणि आलेख त्यावर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरवर काढायला लावतो आणि वरचा कागद प्रत्यक्ष सरकवायला सांगतो. तो उजवीकडे गेला की खालच्या कागदावरचा य-अक्ष वक्राच्या डाव्या भागाला छेदताना दिसतो, आणि ते उणे कुठून आलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: आडव्या सरकवण्यात जुना आंतरछेद माहीत असून भागत नाही, पूर्ण फलन लागतं. अपवाद सरळ रेषेचा. तिथे जुना आंतरछेद आणि चढ एवढं पुरतं, कारण आंतरछेद चढ × ह इतका कमी होतो. य = २क्ष + १ ही रेषा ३ ने उजवीकडे नेली की १ चा −५ होतो.

कधी आंतरछेद नाहीसाही होतो. √क्ष चा आलेख उजवीकडे ३ सरकवला तर तो क्ष = ३ पासूनच सुरू होतो, अक्षाला शिवतच नाही. उलट १/क्ष ला मुळात य-आंतरछेद नाही, पण १ ने उजवीकडे सरकवलं की −१ मिळतो.

आता तुमचंच मूळ फलन फक्त डावीकडे ४ सरकवून बघा. फ(४) = १६ − १६ + १, म्हणजे आंतरछेद पुन्हा १. हा परवलय क्ष = २ या रेषेभोवती सममित आहे, त्यामुळे ० आणि ४ वर त्याची उंची सारखीच आहे.