ओव्हन नको, गॅस नको: सुट्टीतल्या गोड डिपचे प्रश्न

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत नणंदा, दीर, सगळ्यांची मुलं असे आम्ही पंधरा-सोळा जण कोरेगावच्या घरी जमतो. अमेरिकेतल्या धाकट्या जाऊबाईंनी बिस्किटं बुडवून खायच्या गोड डिपची कृती पाठवली आहे. एक बॉक्स क्रीम चीज, एक स्टिक बटर, एक कप पिठीसाखर, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर, थोडं व्हॅनिला आणि चॉकलेट चिप्स. शिजवायचं, भाजायचं काही नाही म्हणून मला आवडली. पण गावात क्रीम चीज मिळत नाही, आणि ‘बॉक्स’, ‘स्टिक’ म्हणजे नेमकं किती तेही कळत नाही. शिवाय सासूबाईंना उष्टं चालत नाही. एका भांड्यात सगळ्यांनी बुडवून खाल्लेलं त्यांना पटायचं नाही. कसं जमवू?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आधी मापं सोडवू. तिकडे क्रीम चीजचा बॉक्स आठ औंसांचा असतो, म्हणजे सुमारे 226 ग्रॅम. बटरची एक स्टिक 113 ग्रॅमची. त्यांचा कप साधारण 240 मिलीचा, त्यात पिठीसाखर 120 ग्रॅमच्या आसपास बसते. ब्राऊन शुगर म्हणजे मळी राखलेली साखर. तिच्या जागी आपला गूळ घातला तर चवीत काही उणं पडत नाही, उलट खमंगपणा वाढतो. म्हणून ती शोधत सातारा गाठू नका.

क्रीम चीजही शोधू नका. ते आंबवलेल्या दुधा-सायीचंच असतं, किंचित आंबट, घट्ट आणि स्निग्ध. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जातो तो चक्का. फरक एकच. क्रीम चीजमध्ये एक तृतीयांश स्निग्धांश असतो, चक्क्यात त्याहून कमी. ती उणीव घरचं लोणी भरून काढतं. म्हणून चक्का वापरणार असाल तर लोण्याला काट मारू नका.

आता तुमच्या घरासाठी मी काय करेन ते सांगते. साताऱ्याच्या जवळ राहून कंदी पेढे सोडून चॉकलेट चिप्सच्या मागे लागणं मला पटत नाही. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो आणि त्यात साखर बेताची असते. बाहेरच्या डिपमध्ये जी भाजकी, कॅरॅमलसारखी चव आणण्यासाठी खटाटोप करतात, ती पेढेवाल्याने आधीच करून ठेवलेली आहे. पंधरा-सोळा जणांना अर्धा किलो चक्का, पाव किलो कंदी पेढे, 100 ग्रॅम बिनमिठाचं लोणी, तीन मोठे चमचे बारीक चिरलेला किंवा पावडरीचा गूळ, जायफळ आणि चिमूटभर मीठ एवढं पुरे. मुलांसाठी 50-60 ग्रॅम चॉकलेट सुरीने बारीक चिरून वरून घाला.

सगळा जीव चक्क्यात आहे. म्हशीच्या दुधाचं दही घ्या. सव्वा ते दीड किलो दह्यात अर्धा किलो चक्का निघावा. डिसेंबरात आपल्याकडे रात्री दही लागत नाही ही नेहमीची तक्रार. दूध नेहमीपेक्षा जरा जास्त कोमट असताना विरजण लावा, पातेलं जुन्या शालीत गुंडाळा आणि पिठाच्या डब्यांमागे किंवा बंद कपाटात ठेवा. दही लागलं की ते मोडू न देता पळीने वड्या काढाव्यात तसं मलमलच्या फडक्यात घ्या. ढवळून ओतलं तर चक्क्याचे कणही पाण्याबरोबर गळतात. गाठ मारून रात्रभर टांगून ठेवा. थंडीत बाहेर चालतं, ऊन असेल तर चाळणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी फडकं उघडून चक्क्याचा एक गोळा दोन बोटांत दाबून बघा. बोटं ओली झाली तर अजून दोन तास हवेत. बोटांवर नुसता तुपकट थर राहिला आणि चक्का कापडापासून आपोआप सुटत असला तर तो झाला. गळालेलं पाणी फेकू नका, त्यात थालीपिठाचं पीठ मळा, थालीपीठ मऊ होतं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. चक्का आणि लोणी दोन्ही फ्रिजबाहेर काढून एकाच तापमानावर येऊ द्या. ही पायरी गाळायची नाही. गार चक्क्यात मऊ लोणी घातलं की लोण्याचे दाणे होतात आणि ते कितीही फेटलं तरी जिभेला लागत राहतात. आधी लोणी आणि गूळ हलकं होईतोवर फेटा, मग चक्का थोडा थोडा मिसळा. पुरणयंत्रातून काढलात तर मऊसूत होतो. पेढे बोटांनी कुस्करून शेवटी घाला, अगदी भुगा करू नका, मधूनच पेढ्याचा कण दाताखाली यायला हवा. मीठ विसरू नका. चिमूटभर मिठाने गोडाला धार येते. आणि गूळ सगळा एकदम घालू नका. साखर-गूळ चक्क्यातलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे आत्ता घट्ट वाटणारं मिश्रण तासाभराने सैल होतं. दोन चमचे घाला, तासभर थांबा, चव बघा, मग तिसरा.

सासूबाईंचं म्हणणं मला रास्त वाटतं. उष्टं न खाणं हा सोवळ्यापुरताच प्रश्न नाही. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत सोळा जणांनी एका भांड्यात चावलेली बिस्किटं बुडवणं आरोग्यालाही बरं नाही. पण म्हणून सगळ्यांनी एका भांड्याभोवती बसायचा आनंद का सोडायचा? मोठं भांडं मध्ये ठेवा, त्यात एक स्वच्छ मोठा चमचा ठेवा आणि प्रत्येकाला चहाच्या बशीएवढी एकेक वाटी द्या. डिप चमच्याने आपल्या वाटीत घ्यायचं, तिथेच बुडवायचं, हवं तर पुन्हा घ्यायचं. सासूबाईंची वाटी आधी भरून त्यांच्या हातात द्या, मग मोठं भांडं पुढे करा. मुलांना नियम सांगायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. आजीने सांगितलेलं मुलं ऐकतात.

बुडवायला काय? अमेरिकेत कणकेची गोडसर ग्रॅहम क्रॅकर घेतात. आपल्याकडे मारी किंवा डायजेस्टिव्ह बिस्किटं त्याला चालतात. पण कोरेगावात बसून स्ट्रॉबेरी न घेणं अन्याय होईल. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि नाताळात ती पाचगणी, वाई, साताऱ्याच्या बाजारात भरपूर असते. खोके उलटं करून तळाची फळं बघून घ्या, वरची सगळीच छान दिसतात. देठाजवळ पांढरं राहिलेलं फळ घरी आणून पिकत नाही. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोडीत भर पडत नाही, हे लक्षात असू द्या. धुताना देठ काढू नका, देठ काढलेल्या जागेतून पाणी आत शिरतं आणि फळ बेचव होतं. खायच्या आधी धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा, नाहीतर डिप ओलं होऊन घसरतं. याशिवाय घरात शंकरपाळी असेल तर तीही काढा. पेढ्याच्या डिपला खारी-गोड शंकरपाळी फार छान लागते.

एक विनंती मनापासून. हे सगळं आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळे जमल्यावर तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहू नका. सुट्टीत घरात माणसं आली की सुना स्वयंपाकघरात आणि बाकी सगळे ओसरीवर, हे मी फार पाहिलं आहे. या पदार्थात तळायचं, वाढायचं, गरम करायचं काही नाही, भांडं मध्ये ठेवून तुम्हीही वाटी घेऊन बसू शकता. मला तो याचसाठी आवडतो.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. आई-बाबा दोघं कामाला जातात, त्यामुळे मला गॅस लावायची परवानगी नाही. एका व्हिडिओत मैदा, बटर आणि साखर मिसळून कच्च्या बिस्किटाच्या पिठासारखं डिप दाखवलं होतं. मैदा कच्चाच खायचा होता. मी भावंडांसाठी करू का?
— एक छोटी वाचक, कराड

उत्तर : मैद्याचं नको, बाळा. मैदा, कणीक ही धान्याची पिठं कच्चीच असतात. शेतापासून गिरणीपर्यंत त्यात जिवाणू येऊ शकतात आणि पीठ कोरडं असलं तरी ते मरत नाहीत. शिजवल्या-भाजल्यावर मरतात, म्हणून पोळी निर्धास्त खातो. तू गॅस लावणार नाहीस, म्हणून आधीच भाजलेलं पीठ घे. किराणा दुकानात फुटाण्याचं डाळं मिळतं, चिवड्यात घालतो तेच. अर्धी वाटी डाळं मिक्सरमधून काढून चाळून घे, त्याला बिस्किटाच्या पिठासारखीच खमंग चव असते. डेअरीतून पाव किलो ताजा चक्का आण. फ्रिजबाहेर काढून ठेवलेलं तीन चमचे मऊ बटर, चार चमचे पिठीसाखर आणि डाळ्याचं पीठ त्यात मिसळ. व्हॅनिलाचे चार थेंबच, जास्त घातलंस तर कडवट लागेल. चॉकलेट चिरायला सुरी घेऊ नकोस, किसणीवर किस आणि शेवटचा बोटभर तुकडा किसायचा नाही, तो तुझा. तासभर फ्रिजमध्ये ठेव. भावंडांना ग्लुकोज बिस्किटं, केळी आणि सफरचंदाच्या फोडी दे. सफरचंद आईकडून कापून घे आणि फोडींना लिंबू लाव, काळी पडणार नाहीत.

प्रश्न : ताई, सांगलीला नातवंडं येणार आहेत. आमच्या तासगावच्या बेदाण्यांचं असं डिप करता येईल का? त्यांच्या आईबापांना मुलांना साखर द्यायची नाही, मध चालतो.
— एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, नक्की करा. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये मानांकन मिळालं आहे, तुमच्या हाताशी तर उत्तम माल आहे. हिरवट, लांबट बेदाणे घ्या. धुऊन कापडावर पसरून पूर्ण सुकवा, मग जाडसर चिरा. भिजवू नका. कोरडा बेदाणा चक्क्यातलं पाणी शोषून फुगतो आणि डिप आपोआप घट्ट होतं, त्यामुळे तो मिश्रणात रात्रभर राहू द्या. पाव किलो चक्क्याला अर्धी वाटी बेदाणे, दोन चमचे लोणी, थोडी वेलची, केशर असेल तर चार काड्या कोमट दुधात. बेदाण्याचाच गोडवा बऱ्यापैकी उतरतो. मध मिश्रणात घालू नका, तो पातळ करतो. वाढताना वरून एक चमचा सोडा, मग थोडाच पुरतो. एक खबरदारी मात्र घ्या. नातवंडांत एक वर्षाच्या आतलं कोणी असेल तर त्याला मध बोटालाही लावून देऊ नका. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाला त्यापासून गंभीर आजार होतो. त्याच्या वाटीत मध नसलेलं मिश्रण घ्या आणि बेदाणे लहान मुलांसाठी अगदी बारीक चिरा, अख्खे घशात अडकू शकतात.

प्रश्न : डिप पातळ झालं तर सुधारता येतं का? आणि किती दिवस टिकतं?
— एक वाचक, वाई

उत्तर : सुधारतं. आधी दोन तास फ्रिजमध्ये ठेवून बघा, गारव्याने लोणी आवळतं आणि बऱ्याचदा तेवढंच पुरतं. नाहीच झालं तर दुधाची पावडर, कुस्करलेला पेढा किंवा बिस्किटांचा चुरा एकेक चमचा घालत जा. साखर वाढवून घट्ट होईल असं समजू नका, आणखी पातळ होईल. लोण्याचे दाणे झाले असतील तर भांडं कोमट पाण्यात दोन मिनिटं धरून पुन्हा फेटा. फ्रिजमध्ये झाकून तीन दिवस चांगलं राहतं. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, म्हणून मोठ्या घरात अर्धंच भांड्यात काढा आणि उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा. वाटीत वाढलेलं मात्र पुन्हा मोठ्या भांड्यात ओतायचं नाही.